चढावर धीर सुटतो तेव्हा आधी काय तपासायचं

मडगावच्या एका धावकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४. रस्त्यावर १० किलोमीटर ५५ मिनिटांत होतात, हाफ मॅरेथॉनही झाली आहे. हल्ली रविवारी डोंगरात धावायला जातो, कधी चंद्रनाथ, कधी नेत्रावळीच्या बाजूला. पण चढ लागला की वीस मिनिटांत ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं डोक्यात घुमायला लागतं. उतरताना पाय आखडतात. एकदा रानात वाट चुकली तेव्हा छाती धडधडली आणि दिशा न बघता धावत सुटलो. मन खंबीर करायला काय करू?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत आणि तिन्हींचं खापर मनावर फोडलं आहे. चढावर धीर सुटणं हा बहुतेक वेळा वेगाचा आणि उष्णतेचा प्रश्न असतो. उतारावर पाय आखडणं हा कौशल्याचा. वाट चुकल्यावर घाबरून पळणं हा तयारीचा. या तिन्हींचा हिशोब मिटवल्यावर जे उरतं ते मनाचं काम, आणि ते थोडंच उरतं. म्हणून ‘मन मारून पळत राहा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. डोंगरात मन कुरकुरतं त्यात पुष्कळदा खरी माहिती असते. ती दाबायची सवय लागलेला माणूस उष्माघात होईपर्यंत थांबत नाही.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, त्या आधी सांगतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल किंवा त्यांची औषधं चालू असतील, तर खालचे पाण्याचे, मिठाचे आणि वेगाचे आकडे डॉक्टरांना विचारून बदला. चढावर छातीत दुखलं, जबडा किंवा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सराव बंद आणि आधी तपासणी. घरात बसल्या बसल्या किंवा गाडीत असतानाही अशीच धडधड होत असेल, तर त्याचं कारण डोंगरात शोधू नका, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. बाकीचं मी धडधाकट माणूस धरून लिहितोय.

आधी चढ. तुमच्या पायांना साडेपाच मिनिटांत किलोमीटर कापायची सवय आहे आणि मनगटावरचं घड्याळ तेच मागत राहतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक आडाखा दिला: सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे वेळेच्या हिशोबात १०० मीटर चढ हा जवळजवळ ८०० मीटर सपाटीइतका. धावणाऱ्यालाही हा आडाखा बऱ्यापैकी लागू पडतो. समजा वाट अडीच किलोमीटरची आहे आणि चढ ३०० मीटरचा. अडीच अधिक २.४, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर. तुमचा आरामाचा वेग किलोमीटरला पावणेसात मिनिटं धरला तर वर पोचायला साधारण ३३ मिनिटं, म्हणजे घड्याळावर किलोमीटरला १३ मिनिटं दिसणार. तुम्ही मनात पंधरा मिनिटं धरून निघालात तर पहिल्या दहा मिनिटांतच शर्यतीपेक्षा जास्त ताकद खर्च होते. मग विसाव्या मिनिटाला मन म्हणतं, जमणार नाही. त्या वेगाने खरंच जमणार नसतं.

यावर उपाय म्हणजे घड्याळावरचा वेगाचा पडदा चढावर बंद करायचा. फक्त झालेला वेळ आणि चढलेली उंची दिसू द्या. श्रमाची परीक्षा बोलून करा: स्वतःचं नाव, गाव आणि आजचा वार एका श्वासात सांगता आला तर वेग ठीक. मध्ये श्वास घ्यावा लागला की लगेच चाल. वाट १५ अंशांच्या वर गेली, म्हणजे १०० मीटरला २५-२७ मीटर चढायला लागली, की त्याच गतीने धावण्यापेक्षा चालायला कमी ताकद लागते. तिथे चालण्यात काहीही कमीपणा नाही, जगातले उत्तम डोंगरधावकही तेच करतात. पावलं आखूड, हात मांडीवर गुडघ्याच्या थोडं वर, आणि प्रत्येक पावलाला हाताने मांडी खाली ढकलायची. कंबरेतून वाकू नका, छाती दाबली जाते आणि श्वास तोकडा पडतो.

हे तपासायला चंद्रनाथ उत्तम. पारोड्याचा तो डोंगर सुमारे ३५० मीटर उंच, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, रस्ता आहे, पायऱ्या आहेत, माणसांची ये-जा आहे. तिथे वाट चुकायची भीती नाही, त्यामुळे बाकी काय बिघडतंय ते स्वच्छ दिसतं. लागोपाठ दोन रविवार त्याच वेळी जा. एकदा नेहमीच्या पद्धतीने चढा, दुसऱ्यांदा बोलण्याच्या परीक्षेने. वर पोचायला लागलेल्या वेळेत फरक थोडाच पडतो. वर पोचल्यावर अंगात किती शिल्लक आहे, यात मात्र मोठा पडतो.

आता गोव्याची गोष्ट. डोंगरधावण्यावर जे काही लिहिलं जातं त्यातलं बरंचसं थंड आणि कोरड्या देशांतून येतं. आपल्याकडे पहाटे सहाला हवा गार लागते, पण त्याच वेळी तिच्यात ओलावा सर्वांत जास्त असतो. घाम नुसता गळून काही होत नाही, तो अंगावर सुकला तरच शरीर थंड होतं. नेत्रावळीच्या दाट झाडीत वारा नाही, हवा आधीच ओलीचिंब, त्यामुळे घाम टपटप पडतो आणि आतली उष्णता आतच राहते. मग त्याच वेगाला श्रम जास्त वाटतात, आणि हे ‘जास्त वाटणं’ मनाच्या दुबळेपणासारखं भासतं. उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस रोज थोडा व्यायाम त्याच हवेत करावा लागतो. आठवडाभर वातानुकूलित खोलीत ट्रेडमिलवर आणि रविवारी रानात, असं केलं तर ती सवय लागत नाही. आठवड्यातले निदान तीन-चार दिवस बाहेर पळा. उकाड्यात अंगावर काटा आला, थंडी वाजली, बोलणं अडखळलं किंवा सोबत्याला तुम्ही विचित्र वागताय असं वाटलं, तर तिथेच थांबा. सावली, कपडे सैल, डोक्यावर, मानेवर, अंगावर पाणी, आणि सुधारणा दिसली नाही तर १०८.

पाणी किती प्यायचं हे अंदाजावर ठेवू नका, वजनकाटा वापरा. कपडे काढून वजन करा, तासभर पळा, घाम पुसून पुन्हा करा. ७० किलोचे ६९.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला असाल, तर तासाला १.३ लिटर घाम गेला. तो सगळा भरून काढायची गरज नाही. दीड-दोन तासांच्या धावण्यात वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७० किलोला १.४ किलो, घट चालते. बहुतेकांना तासाला ५०० ते ७०० मिलिलिटर पुरतं. गेला त्याहून जास्त पिऊ नका: नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातला सोडियम खाली जातो, डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, आणि माणूस ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पितो. ते जिवावर बेतू शकतं. दोन बाटल्या ठेवा. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडी घरी पूर्ण एक लिटरमध्ये कालवा आणि त्यातून बाटली भरा. अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी घातली की पोट बिघडतं. मीठ घातलेलं कोकम सरबतही चालतं, पण त्यात साखर किती पडली ते घरचे सांगतील तसं मोजून घ्या.

खाण्याचं तर सरळ आहे. सव्वा तासाच्या वर जाणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५, वीस ग्रॅम गुळात १९. पहिला घास ३०-४० मिनिटांनी, भूक लागायच्या आधी. रक्तातली साखर उतरली की सर्वांत आधी उत्साह जातो, पाय नंतर जातात. डोंगरात अचानक सगळं निरर्थक वाटायला लागलं तर निर्णय घ्यायच्या आधी गुळाचा खडा तोंडात टाका आणि दहा मिनिटं चाला. निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी मीठ घातलेली पेज पोटाला सोसते. लोणचं बेताने, तेलकट काही नको.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण हिशोबात धरत नाहीत. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. ते नेहमीपेक्षा साधारण १५ टक्के लवकर थांबले. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत त्याचं कारण सापडलं नाही. श्रम मात्र पहिल्यापासून जास्त जाणवत होते. म्हणून मार्चअखेरीचे हिशोब, परीक्षेचे पेपर किंवा रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाला मी नवी वाट देत नाही. त्या दिवशी ओळखीची, सोपी वाट, नाहीतर झोप.

इथवरचं नीट केलं तर तुमच्या पहिल्या तक्रारीतला मोठा भाग निघून जाईल. उताराचं तसं नाही, ते वेगळं शिकावं लागतं.

उतारावर भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलतं. वजन टाचेवर जातं, पाय पुढे लांब पडतो आणि जांभ्याच्या सुट्या खड्यांवर टाच छऱ्यांवर पडल्यासारखी निसटते. म्हणजे सावधगिरी म्हणून जे करता त्यानेच घसरता, आणि घसरल्याने भीती पक्की होते. करायचं ते उलट. घोट्यातून किंचित पुढे झुका, गुडघे सैल, पावलं आखूड आणि भराभर, पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या. हात बाजूला मोकळे. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे. जिथे पाय ठेवायचा ती जागा डोळ्यांनी आधीच निवडलेली असली पाहिजे.

यासाठी लांब डोंगर लागत नाही. पर्वरी-सुकूरचं पठार किंवा वेर्ण्याचा सडा (जांभ्याचं उघडं पठार), कुठेही ५० ते ८० मीटरचा मध्यम उतार निवडा. वर चालत जा, खाली निम्म्या जोराने या, सहा ते आठ फेऱ्या, आठवड्यातून एकदा. पहिल्यांदा यापेक्षा जास्त नको. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याने तंतूंना इजा होते आणि २४ ते ७२ तासांत मांड्या ठणकतात. हा ठणका एकदा सोसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच सरावाला खूपच कमी दुखतं. दोन आठवड्यांनी फेऱ्या वाढवा, जोर त्यानंतर. चिरेखाणींच्या कडेला हा सराव करू नका, गवतात कडा दिसत नाही. मार्च ते मे काजूच्या आणि सागाच्या वाळल्या पानांखाली दगड लपलेले असतात, तिथे चाला. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तळाला कितीही खाच असलेला बूट त्यावर घसरतो. तिथे पाय आखडले तर आखडू द्या, ती भीती रास्त आहे.

रास्त भीती आणि नुसती भीती यांतला फरक ओळखायला मी एकच पद्धत सांगतो: भीतीला प्रश्न विचारा, नेमकं कशाचं? ‘घोटा मुरगळेल’, ‘झाडीत गवा आहे’, ‘उजेड जाईल’ असं नेमकं उत्तर आलं तर त्यावर करण्यासारखं काहीतरी असतं. वेग कमी करा, मागे फिरा, बॅटरी काढा. गवा दिसला तर थांबा, अंतर वाढवत मागे सरा, त्याला वाट द्या, पळू नका, आणि गाय-वासराच्या मध्ये तर कधीच जाऊ नका. दाट झाडीतल्या वळणाआधी टाळी वाजवा किंवा मोठ्याने बोला. आपण अचानक समोर येणं हेच मुख्य धोक्याचं. इअरफोन रानात वापरूच नयेत, यावर मी ठाम आहे. सड्यावर फुरसं दगडांच्या फटीत असतं. हात टेकायच्या आधी बघा, आडवा ओंडका ओलांडताना पलीकडची जागा दिसल्याशिवाय पाय टाकू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव स्थिर ठेवून सरळ इस्पितळ. सत्तरीत आणि शेजारच्या दोडामार्गात माकडताप आढळलेला आहे. तो गोचिडीतून पसरतो आणि जोर साधारण डिसेंबर ते मे. लांब मोजे, कीटकरोधक तेल, घरी आल्यावर लगेच अंघोळ आणि अंगभर तपासणी. नंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा. नेमकं उत्तरच आलं नाही, नुसतं ‘काहीतरी होईल’ असं वाटत राहिलं, तर उभे राहा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच वेळा. मिनिटभराचं काम आहे. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते आणि मग पुढचं पाऊल निवडता येतं.

वाट चुकल्यावर तुम्ही पळत सुटलात, कारण पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. म्हणून क्रम घरीच ठरवा. थांबा. वेळ बघा. दोन घोट पाणी. फोनमधला आधी उतरवून ठेवलेला नकाशा उघडा. सह्याद्रीच्या कुशीत नेटवर्कवर भिस्त ठेवता येत नाही आणि विमान मोडवर फोन जास्त टिकतो. शेवटची खात्रीची खूण दहा मिनिटांच्या आत असेल तर आल्या वाटेने तिथवर परत जा. सापडली नाही तर आणखी शोधू नका. ओहोळ धरून खाली उतरायचा मोह फार होतो, तो टाळा. आपल्या घाटातले ओहोळ धबधब्याच्या कड्यावर जाऊन पोचतात, आणि खाली उतरलेला माणूस वर चढू शकत नाही. मोकळ्या जागी बसा, ११२ लावा, शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

हे घडू नये म्हणून प्रत्येक फाट्यावर एकदा मागे वळून बघा. परतताना वाट उलट्या बाजूने दिसते आणि ती चुकते ती तिथेच. मागे फिरायची वेळ घरून निघताना ठरवा आणि घरी कोणाला तरी लिहून द्या. दमलेलं डोकं ‘अजून थोडं’ म्हणतं, म्हणून तो निर्णय त्याच्या हाती ठेवायचा नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच दिसेनासं होतं. मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात सड्यावर असताना वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर उघड्या जागेवरून उतरा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत वर जाऊ नका. नेत्रावळी, म्हादई, खोतीगाव, मोले ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याची परवानगी घ्या. नियम ऋतूप्रमाणे बदलतात, आधी रेंज कार्यालयात विचारा. परवानगी काढलेल्या माणसाचा ठावठिकाणा कोणाला तरी माहीत असतो, एवढ्यासाठी तरी ती घ्या.

आता जे उरलं ते मनाचं. शरीर ठीक, वाट माहीत, तरी लांबच्या चढावर कंटाळा आणि निराशा येतेच. तिथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, ‘असं झालं तर असं करीन’ हे वाक्य आधी लिहून ठेवणं. ‘जमणार नाही असं वाटलं, तर शंभर पावलं चालेन आणि मग ठरवेन.’ मोघम निश्चयापेक्षा असं बांधलेलं वाक्य दमलेल्या अवस्थेत आठवतं. दुसरी, स्वतःशी बोलणं, पण कामाचं. ‘तू वाघ आहेस’ याचा उतारावर उपयोग नाही. ‘आखूड पावलं’, ‘हात मांडीवर’, ‘त्या आंब्यापर्यंत चाल’ याचा आहे. स्वतःला नावाने हाक मारून सांगितलं तर भावनेपासून थोडं अंतर पडतं. दर दहा मिनिटांनी श्रमाला दहापैकी आकडा द्या. सातच्या वर गेला की वेग उतरवा. अवघड वाटेवर लक्ष फक्त जमिनीवर, सोप्या टप्प्यावर ते मोकळं सोडा. कस्तूर पक्ष्याची शीळ ऐकण्याइतकी उसंत मनाला मिळाली पाहिजे, नाहीतर तीन तास सलग सावध राहून ते थकतं.

क्रम असा ठेवा. पहिले दोन रविवार चंद्रनाथ, फक्त वेग आणि पाण्याचं मोजमाप. आठवड्याच्या मध्ये एकदा उताराच्या फेऱ्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोच डोंगर दोनदा चढा, खाण्याची वेळ पाळून. पाचव्यापासून ओळखीची रानवाट, सोबत एक माणूस, आणि तिथे मुद्दाम एकदा थांबून वाट चुकल्याचा क्रम करून बघा. एकटं आणि अनोळखी वाटेवर, हे दोन्ही एकाच दिवशी नको.

प्रत्येक वेळी तीन नोंदी ठेवा: वजनातला फरक, शेवटचं काय आणि कितव्या मिनिटाला खाल्लं, आणि मन खचलं तर कितव्या मिनिटाला, किती उंची चढल्यावर. पाच-सहा रविवारांच्या नोंदी झाल्या की पाठवा. खचण्याचा क्षण प्रत्येक वेळी त्याच उंचीच्या आसपास येत असेल तर वेग अजून चुकतोय. खाल्ल्यावर तो पुढे सरकत असेल तर खाणं. दोन्हीशी त्याचा मेळ बसत नसेल, तर आपण फक्त मनावर बोलू.